समोरच्या कोपऱ्यात बाबा

६ सप्टेंबर

आज पुन्हा पाय उचलला! सरावात, तिसऱ्या फेरीला. समोरच्याने डावीकडून ठोसा टाकला आणि माझी उजवी नडगी थेट त्याच्या बरगडीत. मुद्दाम नाही मारली. पाय आपणहून गेला. गडी पोट धरून खाली बसला आणि बाकीचे खो-खो हसले.

वस्ताद प्रयोत हसले नाहीत. "सायरुंग, तू बॉक्सर आहेस की गाढव? लाथा कसल्या झाडतेस!" सायकलची जुनी ट्यूब आणली, माझ्या दोन्ही घोट्यांना बांधली, मध्ये वीतभर अंतर ठेवलं. तासभर तशीच फिरत होते रिंगमध्ये. लोढणं अडकवलेल्या गुरासारखी!

ही वही त्यांनीच दिलीय, रोजचं वजन लिहायला. ५३.९. एवढं लिहिलं तरी पान कोरंच राहतं, म्हणून हे बाकीचं. नाहीतर बोलायचं कुणाशी? या तालमीत अकरा पुरुष आणि मी.

७ सप्टेंबर

५३.८. भात कमी केला.

११ सप्टेंबर

इथे सगळे विचारतात, चांगली मुएथाय लढत होतीस, सोडलं कशाला? मी सांगते की लाथा-गुडघ्यांच्या त्या खेळात माझ्या वजनात लढायला कुणी उरलं नव्हतं. ते खोटं नाही. एकशे बारा लढती झाल्या माझ्या. शेवटची दोन वर्षं तर देवळाच्या जत्रेत माझं नाव पुकारलं की समोरच्या मुलीला नेमका ताप भरायचा.

पण वहीशी खोटं कशाला? जिंकले की आमचं अख्खं सुरिन बाबांचं नाव घ्यायचं, "सोएमची पोरगी जिंकली." हरले की म्हणायचे, "सायरुंग हरली." मला एकदा तरी उलटं ऐकायचं होतं.

१२ सप्टेंबर

मी निघताना बाबा जे बोलले ते लिहून टाकते. लिहिलं की कदाचित डोक्यातून जाईल.

जूनमधली गोष्ट. इकडे यायला मी कपड्यांची पिशवी भरत होते. ते ओट्यावर बसून फाटलेलं पॅड शिवत होते. मान वर केली नाही. म्हणाले, "आठ हत्यारं दिली तुला. दोन मुठी, दोन कोपरं, दोन गुडघे, दोन पाय. सहा टाकून दोन घेऊन चाललीस."

मी म्हटलं, "दोनच, पण जगभर चालतात."

"चालू देत. मग माझ्याशी बोलायला काय राहिलं तुझ्याकडे?"

तेव्हा वाटलं, टोमणा मारला. आता तीन महिने झाले, फोन नाही की निरोप नाही, आणि आता कळतंय की तो टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची. तेव्हापासून आम्ही दोघं लढतीखेरीज कशावर बोललोच नाही. जेवताना तेच, झोपताना तेच. "आज गुडघा उशिरा आला." "हो बाबा." ताप आला तरी कपाळाला हात लावून म्हणायचे, "परवा धावायला जमेल ना?"

आता मी गुडघा मारतच नाही. काय सांगू फोन करून?

१५ सप्टेंबर

५३.६. दिवसभर फक्त "हो वस्ताद" आणि "नूडल्स एक, तेल नको" एवढंच बोलले. मोजलं.

२ ऑक्टोबर

वस्ताद म्हणतात, माझी अडचण हातात नाही, पायात आहे. मुएथायमध्ये वजन मागच्या पायावर, कारण पुढचा केव्हा उचलावा लागेल सांगता येत नाही. बॉक्सिंगमध्ये पुढच्या पायावर रेलायचं. "अगं पोरी, तो पाय तुला कुणी मारणार नाहीये! टेक खुशाल!" बुद्धीला पटतं. पण सोळा वर्षं त्या पायावर लाथा खाल्ल्यात. त्याला कसं पटवू?

आज कमरेतून ठोसा बरोबर निघाला. ठोशांची पिशवी अशी काही दणकली की खालच्या टायरवाल्याने हाक मारून विचारलं, काय पडलं? वस्ताद नुसतं "हं" म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

वळून पाहिलं — कुणाला दाखवायचं होतं कोण जाणे.

२४ ऑक्टोबर

पहिली लढत झाली. जिंकले, दुसऱ्या फेरीत. समोरची फिलिपिन्सहून आणलेली. वय माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी जास्त असावं, आणि गुडघ्याला पट्टा. पोटात दोन बसले आणि ती आपली शहाण्यासारखी खाली बसली. उठताना माझ्याकडे बघून हसली. मला कसंसंच झालं.

पण लिहायचं ते वेगळंच आहे. घंटेआधी मी कोपऱ्यात उभी, आणि सगळं शांत! सनई नाही, ढोल नाही. एकशे बारा वेळा मी त्या सनईवर रिंगला फेरी घातलीय, गुडघ्यावर बसून बाबांना नमस्कार घातलाय, मग त्यांनी येऊन डोक्यावरचं मानाचं कडं काढून घ्यायचं, कानाशी पुटपुटायचं, आणि मग लढत. आज माझे हात अर्धवट जुळले, गुडघा वाकला आणि लक्षात आलं, इथे तसं नसतं. वस्तादांनी तोंडात दातांचं रबर कोंबलं, "जा."

कुणाला वाटलं असेल, बुटाची नाडी बघत होते.

९ नोव्हेंबर

लमुन मावशीचा फोन. तिचा आवाज ऐकून आधी बरं वाटलं.

बाबांची तालीम बंद झाली. मी निघाल्यावर मुलं एकेक करून गेली, शेवटी दोघंच उरली होती. बाबांनी ठोशांच्या पिशव्या उतरवल्या. आता कोराटला एका तालमीत कामाला लागलेत. मी म्हटलं, "कसल्या तालमीत?" मावशीने आधी माझं जेवण झालं का विचारलं. मग म्हणाली, "अगं, बॉक्सिंगच्याच. पोटासाठी माणूस काय करत नाही! तिथे एक मुलगी आहे म्हणे, दारिन. तिला शिकवतात."

फोन ठेवला आणि खूप हसले. एकटीच. हातांनी लढणं म्हणजे अर्धं लढणं म्हणणारे बाबा! आणि मग हसू थांबलं आणि दुसरंच काहीतरी आलं. मी सहा हत्यारं टाकली तर बोलणं बंद. ही कोण कुठली दारिन, हिच्याकडे पहिल्यापासून दोनच आहेत, तरी हिला शिकवतात.

१० नोव्हेंबर

५३.९. चिकट भात खाल्ला, दोन वाट्या. खाल्ला तर खाल्ला!

१७ डिसेंबर

तिसरी लढत. जिंकले, सहाही फेऱ्या झाल्या. पाय एकदाही उचलला नाही. भुवई फाटली. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "सोबत कोण आहे?" वस्ताद दुसऱ्याच्या लढतीत होते. मी म्हटलं, "आहेत, बाहेर." उगाच.

८ जानेवारी

वस्तादांनी गादीवर बसवलं आणि स्वतःही बसले. असे ते कधी बसत नाहीत.

"देशाच्या विजेतेपदाच्या पट्ट्याची लढत मिळतेय. दहा फेऱ्या. फेब्रुवारीत, नाखोन सावानला."

"समोर कोण?"

"कोराटची दारिन." मग माझ्याकडे वळून, "तिच्या कोपऱ्यात कोण असतं ते माहितीये ना तुला? नको असेल तर आत्ता सांग, पोरी. मी दुसरं काही कारण देईन."

मी म्हटलं, "लढते."

"तुझं अंग त्यांना तोंडपाठ आहे. तू कधी श्वास घेतेस तेसुद्धा."

"मलाही त्यांचं आहे."

मोठ्या तोंडाने बोलले खरी. जिना चढून खोलीत आले आणि लक्षात आलं, मला बाबांचं काहीच ठाऊक नाही. त्यांना भाजी कुठली आवडते तेही सांगता येणार नाही मला.

२६ जानेवारी

५१.७. रोज एकच विचार येतो. बाबा तिला सांगत असतील: सायरुंग दमली की डावा हात खाली येतो तिचा. सोळा वर्षं त्यासाठी ओरडा खाल्ला. आता तेच वाक्य दुसरीच्या कामाला.

५ फेब्रुवारी

वजनं झाली. ५०.७ — बसले.

बाबा होते. वाळलेत. केस कुणी कापले कोण जाणे, मागून वाकडे. आठ महिन्यांनी दिसले. मी हात जोडले. त्यांनीही जोडले, छातीपाशी, परक्याला जोडतात तसे. आणि नजर फिरवून दारिनकडे गेले.

ती उंच आहे, माझ्यापेक्षा चार बोटं. वय वीसच असेल. वजनकाट्यावरून उतरली तेव्हा थरथरत होती, दोन दिवस पाणी नाही ना. बाबांनी तिला खुर्ची दिली. संत्रं सोललं. एकेक फोड घेऊन तिच्यावरचे पांढरे दोरे काढले आणि मग तिच्या हातात ठेवली.

मला वाटायचं, ते फक्त माझ्यासाठी तसं सोलतात.

६ फेब्रुवारी

जिंकले. पट्टा माझ्याकडे आहे, समोर खाटेवर पडलाय. नीट लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

तालुक्याचं मैदान, वर पत्रा, दुपारचे तीन. पत्र्याखाली भट्टी पेटलेली. पहिल्या चार फेऱ्या मी हरले, त्यात शंकाच नाही. दारिनचा डावा हात म्हणजे काठी. लांबून टोचायची आणि मागे. मला आत शिरताच येईना. नाकातून रक्त. वस्ताद म्हणाले, "आत शीर, आत शीर!" कसं शिरू ते सांगेनात.

पाचव्या फेरीत बाबांचा आवाज आला. "हनुवटी खाली!"

माझी हनुवटी खाली गेली. दारिनचा उजवा कपाळाला घासून वरून गेला.

मग डोक्यात उजेड पडला. ते तुला नाही सांगत, बावळट! तिला सांगतायत! लाज वाटली. पण तेवढ्यात पुन्हा, "डावीकडून सरक!" आणि मी सरकले. "कोपर अंगाशी!" घेतलं. मी ठरवून काहीच करत नव्हते. ते ओरडत होते आणि माझं अंग ऐकत होतं. त्यांनी तिला सांगायचं आणि मी तिच्याआधी करायचं! परीक्षेत शेजारणीच्या पाटीत बघून लिहावं तसं.

आणि दारिन? ती काहीच करत नव्हती. बाबा जीव तोडून ओरडतायत आणि ही आपली तीच काठी टोचतेय. मला तिचा राग आला. माझ्या बाबांचं ऐकत नाही म्हणून!

सातव्या फेरीनंतर वस्ताद चिडले. "लक्ष कुठाय तुझं? मी इकडे घसा फोडतोय, तू ऐकतेयस कुणाचं?" मी पाण्याची चूळ टाकली आणि उठले.

नववी फेरी. मी आत होते, तिच्या छातीला डोकं लावून. बाबांचा आवाज आला, फार मोठा नाही, घरात बोलतात तसा. "आता. बरगडीखाली." मी डावा सोडला. पुढच्या पायावर रेलून, कमरेतून. दारिनचा श्वास माझ्या कानात फुटला. ती गुडघ्यावर गेली. दहा आकडे मोजून झाले तरी उठली नाही.

मग रीतीप्रमाणे तिच्या कोपऱ्यात गेले. गुडघे टेकले, हात जोडले. समोरच्या कोपऱ्याने पाणी पाजायचं असतं. बाटली बाबांच्या हातात. त्यांनी माझ्या मानेमागे हात धरला आणि पाणी पाजलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. "डावा उशिरा आला" म्हणतील. काहीही म्हणाले असते तरी चाललं असतं.

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि दारिनचं तोंड पुसायला वळले.

७ फेब्रुवारी

तालमीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टायरवाल्याने झेंडूचा हार घातला. फोटो झाले.

पट्टा कपाटात ठेवला, कपड्यांच्या खाली. त्या पोरीचा वस्ताद मी तिच्या डोळ्यांदेखत चोरला. हे कुणाला सांगणार? बाबांना तर नाहीच नाही. ते विचारतील, तू कशी वाचलीस, आणि मला सांगावं लागेल की तुम्ही तिला जे दिलंत ते मी उचललं.

८ फेब्रुवारी

दोघींना डोळे तपासायला बँकॉकच्या एकाच दवाखान्यात बोलावलं होतं. दारिन बाकावर बसलेली, ओठ सुजलेला. मी शेजारी बसले. माफी मागायची होती, पण आधी तीच बोलली.

"ताई, एक विचारू? तुझे बाबा पाचव्या फेरीपासून काय ओरडत होते गं? रोज मला थाईतून शिकवतात. परवा एकदम तुमच्या सुरिनकडची खमेर बोली सुरू! मी मूळची दक्षिणेतल्या त्रांगची, मला त्यातला एक शब्द कळत नाही. आमच्या कोपऱ्यात कुणालाच कळत नव्हतं. तालमीच्या मालकांनी नंतर विचारलं, तर पिशवी उचलली आणि गेले निघून."

खमेर. आमची घरातली बोली. मला ती खमेर आहे हे ऐकूच आलं नव्हतं. बाबा बोलतायत, एवढंच ऐकू आलं होतं.