दोन गाण्यांची तबकडी

मी सत्यशीला मुखरू निकुरे, वय एकाहत्तर, राहणार डोंगरटोला, तालुका मूल, जिल्हा चंद्रपूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहिते. कान थोडे गेले आहेत, डोकं शाबूत आहे.

१. राहतं घर आणि धानाची बांधी मुलगा अजय याला, कलम पाचच्या अटीवर.

२. यजमानांनी लग्नाकार्यात भोंगा वाजवून जमवलेल्या तबकड्या, म्हणजे भजनं, कव्वाल्या, नाटकाची पदं, सिरोंच्याहून आणलेली तेलुगू गाणी, मुलगी उर्वशी हिला. ती कडेला धरून पुसते. अजय पोळीसारखी उचलतो. दिवाळीला दोघांनी लेकरांसह छपरीत बसून त्या ऐकाव्यात, जशा आम्ही ऐकायचो. फार सुखाचे दिवस होते ते. नागपूरच्या खरेदीदाराला चहा पाजून परत पाठवावं.

३. दोन गाण्यांची लहान तबकडी, यंत्र आणि छपरावरचा भोंगा मात्र घरातच राहील. दिवस टेकला की ती लावायची, हा यजमानांचा शिरस्ता. पहिलं गाणं कानावर आलं की जंगलातल्या माणसाने घराकडे फिरायचं. तबकडी पालटून दुसरं संपायच्या आत दारात यायचं. वाघाच्या भीतीने अख्खा टोला यावर चालायचा. शेजारचे लटारूभाऊ अजून चालतात, मोबाईल बाळगत नाहीत.

४. कव्वालीची मोठी तबकडी दीर भैयाजी यांना. मोहफुलांच्या दिवसांत कोरपन्याहून येताना ते ती घेऊन आले आणि संध्याकाळी लहान तबकडीऐवजी तीच लावली. "वयनी, आयकू द्या ना. भाऊलेई आवडंन," म्हणाले. लेकरं टाळ्या वाजवत होती. बाजू संपता संपेना. यजमान जंगलात मोह वेचत होते. लांबून नुसता आवाज पोचतो; पहिलंच गाणं चालू आहे, अजून वेळ आहे, असं त्यांना वाटलं असणार. आम्हाला आधी टोपली सापडली. भैयाजींना मी माफ केलेलं नाही. तबकडीसोबत सुई देऊ नये.

५. अजयने आणलेल्या स्पीकरवर गाणी संपतच नाहीत. "आई, सगळ्याईजवळ मोबाईल हायेत, भोंगा काऊन पाह्यजे?" म्हणतो. नाल्यापलीकडे नेटवर्क नाही, आणि सोमवारपासून नाल्याच्या रेतीत पंजे दिसत आहेत. म्हणून अट अशी: संध्याकाळी फक्त लहान तबकडी, नंतर शांतता. अट मोडल्यास घर उर्वशीचं.

ठिकाण: डोंगरटोला
दिनांक: १० एप्रिल २०२५
सही: सत्यशीला मुखरू निकुरे

साक्षीदार १: नीलिमा पत्रू गुरनुले, अंगणवाडी सेविका (सही)

साक्षीदार २: लटारू झिंगू मोहुर्ले (            )

"मोह घिऊन येतो अन् सही करतो," म्हणून लटारूभाऊ दुपारी नाल्यापलीकडे गेले. तबकडी लावायला मी अजयला सांगितलं होतं. दिवस बुडाला आहे. छपरीत त्याचा स्पीकर चालूच आहे. सही राहू द्या, मी भोंग्याकडे जाते.