बारा किटल्या

…आणि अकराव्यांदा एंटर दाबलं तेव्हा क्रांती दारात उभी होती.

(पत्राची सुरुवात अशी करू नये, हे चौतीस वर्षं मुलांना शिकवलं. हात थांबेना म्हणून लिहून टाकलं. आता रीतीने.)

चिरंजीव ऋतुराजला वसंतमामाचे आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. आक्काचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, भावाच्या घराला जिना नाही, तेव्हा गुडघ्यांचं कारण चालणार नाही. तुमच्या संगणक केंद्रात थंडी फार असते असं क्रांती सांगते. (ती थंडी माणसांसाठी नसून यंत्रासाठी असते, हेही तिनेच सांगितलं. तरी स्वेटर घालत जा.)

तुझी ही मामेबहीण विद्यापीठात पंचगंगेच्या पुरावर संशोधन करते, हे तुला ठाऊक आहे. नदीकाठची जमीन तिने खोलीएवढ्या चौकोनांत वाटली आहे. पाऊस इतका पडला, धरणाचे दरवाजे इतके उघडले, तर कुठल्या चौकोनात किती पाणी, असे हजार पावसाळे मोजायचे. तिच्या लॅपटॉपला दोन वर्षं लागली असती. तुमचं यंत्र ते एका दुपारी करतं. त्यापुढे देशभरातल्या संशोधकांची रांग असते. ती तिने मला पडद्यावर दाखवली. आमच्या पुढे कुणाच्या तरी औषधाचा रेणू होता, मागे बंगालच्या उपसागरातलं वादळ. मी बराच वेळ पाहत राहिलो. आपल्या गावचं पाणी अशा मंडळींत उभं राहील असं वाटलं नव्हतं.

पण नंबर दोनशे चौदावा, आणि शुक्रवारी दूध संस्थेची सभा. नवं शीतकेंद्र नदीकाठी बांधायचं की वरच्या माळावर, हे त्या सभेत ठरणार. साऱ्या गावचं दूध तिथे जायचं आहे. अध्यक्ष मी. नदीकाठी गोठा असलेल्या अंबूबाईंनी मागच्या सभेतच सुनावलं, "गुर्जी, पाणी कुठवर येतंय ते माझ्या भिंतीला इचारा की. पुण्याच्या मशीनला काय म्हाईत?" (त्यांनी गोठ्याच्या भिंतीवर २०१९च्या पुराची रेघ कोळशाने ओढून ठेवली आहे.) मी म्हणालो, शास्त्राने ठरू दे. टाळ्या पडल्या.

संस्थेतली रांग तू लहानपणी पाहिली आहेस. माणूस उभा राहत नाही, किटली राहते. घाई असलेला माणूस एका घरच्या चार किटल्या ठेवतो. एक तरी लवकर पुढे सरकते. काल दुपारी क्रांती जेवायला आत गेली. लॅपटॉप उघडा होता. वरचा बाण आणि एंटर दाबलं की काम रांगेत जातं, हे मी बघून ठेवलं होतं. मी अकरा किटल्या ठेवल्या.

"आबा, काय केलंसा ह्ये?"

मी सांगितलं. तिने घाईने त्या नावाची कामं काढून टाकली. बाराही एकाच नावाची होती. सोमवारपासून उभी असलेली तिची किटलीही गेली. आता आम्ही सर्वांत शेवटी. ती रडली नाही, ओरडली नाही. (ओरडली असती तर बरं झालं असतं.) म्हणाली, "तिथं कुणी कुणाला वळखत न्हाय, आबा. म्हणून तर माझ्यासारखीचा नंबर लागतोय." मग ऋतुराजदादाला फोन करायचा नाही, मेसेज करायचा नाही, अशी शपथ घातली. पत्राबद्दल काही बोलली नाही. म्हणून हे पत्र. दुधाचा टँकर उद्या सकाळी साडेनऊला पुण्याला निघतो. ड्रायव्हर विजयसिंह ते तुझ्या हाती देईल.

तुझा,
वसंतमामा

ता. क. नंबर पुढे घे, असं म्हणत नाही. तिचं बोलणं ऐकल्यावर ते लिहायची लाज वाटली. फक्त यंत्राचं उत्तर आलं, तर ते सभेआधी मला एकट्याला कळव. नदीकाठची जागा मीच सुचवली आहे. ती माझ्या शेताला लागून आहे. केंद्र झालं की डांबरी रस्ता माझ्या बांधापर्यंत येतो. खुंट्या ठोकून सुतळीही मीच बांधली आहे. रस्त्याचं क्रांतीला सांगितलेलं नाही.

दुसरी ता. क., सकाळी. कळवू नकोस. क्रांतीने काल संध्याकाळी सगळी नदी सोडून फक्त आपल्या गावच्या वळणाचं काम रांगेत लावलं. दोन मोठ्या कामांच्या मधल्या फटीत यंत्र असं छोटं काम बसवून घेतं. (तांब्याभर दूध घेऊन आलेल्याला आमच्याकडेही पुढे सोडतात.) आज सकाळी सातला उत्तर आलं. खुंट्यांच्या जागी छातीइतकं पाणी, अंबूबाईंच्या रेघेच्या चार बोटं वर. क्रांतीने कागद माझ्या हातात दिला. "रस्त्याचं मला म्हाईत हाय," एवढंच म्हणाली. आठला आम्ही दोघे नदीकाठी गेलो. मी खुंट्या उपटल्या. सुतळी तिने गुंडाळली.