पहिल्या पानावरची थंड चूल

बाई, मी बोलतेय आणि नात लिहितेय. अक्षर तिचं, तोंड माझं. तुम्हाला जाऊन कैक वर्षं झाली, पण कारेलीबागेतल्या तुमच्या स्वयंपाकघरात मी अजून पोळ्या लाटतेय असंच मला वाटतं. बाहेर सतरंजीवर तुमची कॉलेजची मुलं, आणि त्यांच्यात माझी लेक. मराठीच्या पेपरात एकदा नापास झालेली. पुन्हा झाली तर शिक्षण बंद. तिच्या बापाने लग्नासाठी नंदेसरीच्या कारखान्यातला एक मुलगा हेरूनच ठेवला होता. ती रडायची, मी लाटायची. तुम्हीच म्हणालात, "मावशी, उद्यापासून तिला बरोबर आणा."

तुम्ही कादंबरीचं पहिलं पान मोठ्याने वाचायचात. प्रश्न सुरुवातीवर, आणि पोरं धावायची थेट शेवटच्या मरणापर्यंत. "दारात उभं राहा म्हटलं, तर परसात जाऊन कपडे वाळत घालता होय रे?" एकजण म्हणायचा, "पण बेन, आखी गोष्ट येते ना मला!"

त्या दिवशी पानावर एक घर होतं. माणसं जमलेली, दिवे लागलेले आणि चूल थंड. तुम्ही लेकीला विचारलंत, "तुला काय दिसतं?" ती गप्प. मला कुठलं राहवतंय! आतूनच ओरडले, "अगं, चूल थंड आहे, ते लिही की!" पोरं हसली, तिची मान खाली. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलात. "मावशी, चूल तुम्हाला दिसली. पेपरला तुम्ही बसणार आहात का?"

आणि परत जाऊन नुसत्या बसून राहिलात. माझी तव्यावरची पोळी करपली. मग लेक हळूच म्हणते, "सगळे दाराकडे तोंड करून बसलेत. जो येणार आहे त्याला घाबरतात."

"कशावरून?"

"कोणी कोणाशी बोलत नाही. लहान मुलांना आतल्या खोलीत नेऊन ठेवलंय."

"मग येणाऱ्याचं नाव लेखकाने का नाही सांगितलं?"

"आपणही त्यांच्याबरोबर घाबरत बसावं म्हणून."

"हं. आता ह्याच क्रमाने लिही. आधी तुझं म्हणणं, मग पानावरचा पुरावा, मग लेखकाने तसं का केलं ते. बाकीची गोष्ट घरी ठेवून ये."

जन्मल्यापासून तिच्या वतीने मीच बोलत आले होते, बाई. ती एवढं बोलू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

ती पास झाली, चांगल्या मार्कांनी. नंदेसरीचा मुलगाही दुसरीकडे सुखात आहे, म्हणजे वाचलाच म्हणायचा. आता लेक स्वतः शिकवते. मुलं गप्प बसली की तीही तुमच्यासारखी गप्प बसते, आणि मी आत पदर तोंडात धरून उभी.

नात विचारतेय, "आजी, पाठवायचं कुठे?" म्हटलं, कुठेच नाही. बाईंनी वाचलं तर क्रम चुकला म्हणतील, कारण आधी सांगायचं ते मी शेवटी सांगतेय. त्या चुलीवरून तुम्ही मला बोललात ना, त्यानंतर आठवडाभर आमटीत गूळ नव्हता. तुम्ही विचारलंत, तर मी म्हणाले, संपलाय.

डबा भरलेला होता, बाई.