बेलाच्या सरबतानं जुळवलेली सोयरीक

सगळ्यांच्या आधी गुरुपादप्पाच आले बघ, शिवगंगे! उदगीरचे, आपल्या अक्षराला बघायला येणाऱ्या पोराचे चुलते. पोरगा सोमेश बाहेर गाडी लावत होता, तवर हे ओसरीत येऊन बसले बी. (थांब, आधी रीत करते. चि. शिवगंगा हीस कंधारहून नीलाअक्काचा आशीर्वाद. गुडघे कसे हायत? फोन केला असता, पण तू मधीच बोलून माझी गोष्ट सांडतेस. चौथीपातुर शिकले ते वाया का घालवू?)

तर नातीची अट तुला ठाऊक हाय. औषधाच्या दुकानात कामाला जाते, म्हणती, "आज्जी, पोराशी बोलल्याबिगर होकार देणार न्हाई. काम सोडायला लावणारा असंल तर आधीच कळू दे." आणि गुरुपादप्पा म्हणतेत, आमच्यात पोरं बोलत न्हाईत, मोठे बोलतात. अक्षराचा बाप, आपला शिवलिंग, (पोटचाच हाय, पण सांगते) पाहुण्यांपुढं नुसता नंदीबैलावानी मान हलवतो. म्हणलं, गेली ही सोयरीक.

त्यात अप्पा पाणी बी घेईनात. जुळल्याबिगर मुलीकडचं तोंडात घालायचं न्हाई, ही त्यांची रीत. चहा परत, पोहे परत. गडी मात्र सारखा पोटावर हात फिरवून राहिला. मी सरळ विचारलं, "अप्पा, पोट साफ न्हाई वाटतं?" शिवलिंग शरमेनं मेला. पण ते म्हणले, "काय सांगू अक्का, लग्नसराईची जेवणं झाल्यापासून दगड बसलाय दगड!"

सकाळीच परसातलं पिकलेलं बेलफळ फोडून, गर कुस्करून, गूळ-विलायची घालून सरबत केलं होतं. तांब्या देवघरात महादेवापुढं ठेवला, हात जोडले अन् बाहेर आणला. "हा पाहुणचार न्हाई अप्पा, परसाद हाय." आता गळ्यात लिंग बांधलेला माणूस बेलाच्या परसादाला न्हाई कसा म्हणंल? एक पेला घेतला. दुसरा मागून घेतला. मी तिसरा ओतला.

मग थोड्या वेळानं अप्पा उठले, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मी परसातल्या संडासाकडं बोट केलं. गेले ते गेलेच! बाहेर यायचे, टॉवेल सावरायचे, पुन्हा आत.

इकडं अक्षरानं खुर्ची ओढली सोमेशसमोर. मी चिंचा फोडत बसले, (कान तिकडंच) तर विचारती, "लग्नानंतर औषधाच्या दुकानात काम केलेलं चालंल का?" पोरगा परसाकडं बघून म्हणतो, "चालंल की. पहिलं गिऱ्हाईक काकाच असतील." दोघं लई हसले. हसता हसता सगळं बोलून झालं.

अप्पा आले ते धुतल्या तोंडानं, खुलून. "अक्का, काय हलकं वाटून राहिलं! हं, आता बोला, काय ठरवायचं?"

सोमेश म्हणला, "ठरलं, काका."

"कधी?"

"तुम्ही आत होतात तवा."

अप्पांनी तांब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणले, "मग आणा ते पोहे."

तुझी,
नीलाअक्का

ता.क. तुला वाटंल म्हातारीनं मुद्दाम केलं. महादेवाची आण, पाहुण्याचं पोट दुखू नये एवढंच मनात होतं. तिसरा पेला तेवढा मुद्दाम.

ता.क. खरं काम राहिलंच. तुझ्या झाडाची बेलफळं पोतंभर पाठव, अन् त्याच गाडीत तुझ्या गवंडी नरसिंगला थापी-ओळंब्यासकट बसव. अप्पांनी उदगीरात अशी तारीफ केली की सगळी भावकी सरबत प्यायला येणार, अन् आपल्याकडं संडास एकच. दुसरा लगोलग बांधायचाय. अमावस्या झाली की पहिल्या सोमवारी येतो म्हणलेत.