नोव्हेंबरची ऑर्डर

डार्टमथ, नोव्हा स्कोशिया
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय नंदन,

दोन वर्षं नुसते वाढदिवसाचे मेसेज आणि आज एकदम हाताने लिहिलेलं पत्र, म्हणजे ताईला काहीतरी झालंय असं तुला वाटेल. काहीही झालेलं नाही. राजन रिटायर झाल्यापासून बायकोची वाट न बघता स्वतःचा चहा स्वतः करतो, तुझी ही ऊर्मीताई अजून सकाळच्या फेरीबोटीने खाडी ओलांडून हॅलिफॅक्सला जाते आणि दहाला दुकान उघडते. नागपूरची बाई चीज विकते म्हणून सुरुवातीला हसणारे लोक आता रांगेत उभे राहून ‘आज काय चांगलं आहे?’ असं मलाच विचारतात. आयटीतली नोकरी गेली तेव्हा हे दुकान चालेल असं फक्त तुला वाटलं होतं. तुझ्या सासऱ्यांच्या, जॉर्जच्या डेअरीतलं, कापडात गुंडाळून वर्षभर मुरवलेलं चेडर तू पहिल्यांदा पाठवलंस आणि त्यावरच माझं नाव झालं. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही.

तू सोळा साली तिकडे इंग्लंडात ब्रेक्झिटच्या बाजूने मत दिलंस तेव्हा मी फोनवर किती बोलले होते ते आठवतंय मला. तुझ्याकडे तेव्हा आपलाच पासपोर्ट होता, तरी तिथे मत देता येतं याचंच मला नवल वाटलं होतं. तू म्हणालास, ‘ताई, जॉर्ज पहाटे चारला गोठ्यात जातात आणि दुधाचा भाव ब्रसेल्समध्ये ठरतो. एकदा बाहेर पडलो की तुझ्या कॅनडाशी आम्ही थेट करार करू.’ तू मनापासून बोलत होतास. मी मात्र त्या दिवसापासून तू चुकायची वाटच बघत बसले.

पुढचं तुलाही माहीत आहे. तुम्ही बाहेर पडलात तरी तुमचं चीज तीन वर्षं जुन्याच सवलतीत, ठरलेल्या कोट्यापुरतं कमी शुल्कात इथे येत राहिलं, ती सवलत तेवीसच्या डिसेंबरला संपणार होती, आणि नवा करार काही होईना. इथले म्हणत आमचं बीफ घ्या, तुमचे म्हणत हार्मोन दिलेलं बीफ नको, आमचं चीज घ्या. जानेवारीत बोलणीच थांबली. शुल्क अडीचशे टक्क्यांच्या घरात गेलं आणि तुमचं चेडर माझ्या दुकानातून गेलं ते गेलंच.

गेल्या महिन्यात इथल्या कम्युनिटी हॉलमध्ये याच विषयावर सभा होती. दूधवाले शेतकरी एका बाजूला, आम्ही दुकानदार दुसऱ्या बाजूला, आणि मधे ओटावाहून आलेला एक बिचारा तरुण अधिकारी. ट्रुरोजवळची एक शेतकरीण उठून म्हणाली, ‘प्रत्येक करारात आमचाच थोडा बाजार बाहेरच्यांना देऊन टाकता, आम्हाला विचारतं कोण?’ तिचंही खोटं नव्हतं. मग मी उठले. माझा आवाज तुला माहीत आहे, माइक लागत नाही. म्हटलं, दोन सरकारांच्या हट्टापायी माझं शेल्फ रिकामं झालं आणि सॉमरसेटमधल्या माझ्या भावाच्या घरच्या निम्म्या गायी विकल्या गेल्या. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या शेतकरणीनेसुद्धा. मी ताठ मानेने खाली बसले, आणि सभा संपायच्या आत मागच्या दाराने निघून आले.

त्यानंतर चार दिवसांनी रेचेलचा फोन आला. तुझी बायको स्वतःहून मला कधी फोन करत नाही. तुमच्या गावच्या हॉलमध्येही अशीच सभा झाली, ते तिने सांगितलं. जॉर्ज उठले आणि ‘आम्ही मत दिलं आणि आम्हालाच विकलं’ एवढंच बोलून खाली बसले. मग कुणीतरी तुझ्याकडे बोट दाखवून म्हणालं, ‘याची बहीण कॅनडात चीज विकते, तिने काय केलं?’ आणि तू भर सभेत सांगितलंस, ‘माझी बहीण शेवटच्या दिवसापर्यंत लढली. कोटा संपला, तिचा इलाज नव्हता.’ रेचेल म्हणाली, ‘तो तुझ्याशी बोलत नाही, पण तुझ्याविरुद्ध एक अक्षर ऐकून घेत नाही. हे तुला माहीत असावं म्हणून फोन केला.’

नंदन, कोटा संपला नव्हता. तेवीसच्या ऑक्टोबरात आपण भांडलो, आठव. मी म्हणाले, ‘भोगा आता आपल्या मताची फळं,’ आणि तू म्हणालास, ‘तुझं दुकान आमच्या चीजवर उभं आहे, एवढं विसरू नकोस.’ ते खरं होतं म्हणूनच मला झोंबलं. नोव्हेंबरच्या ऑर्डरची कोट्यातली आयात परवानगी माझ्या हातात आली होती. शेवटचा माल जुन्या शुल्कात आला असता, तुम्हाला दुसरं गिऱ्हाईक शोधायला सहा महिने मिळाले असते. मी भांडणाच्या दुसऱ्या दिवशी ती ऑर्डर फ्रान्सला दिली आणि तुला दोन ओळींची ईमेल केली, ‘कोटा संपला, सॉरी.’ पुढे करार फिसकटला आणि माझी करणी त्याच्याखाली झाकली गेली. राजनलाही मी हे परवापर्यंत सांगितलं नव्हतं. ऐकून तो एवढंच म्हणाला, ‘मला कशाला सांगतेस, त्याला सांग.’ करार मोडला तो दोन सरकारांनी. जॉर्जच्या गायी ज्या हिवाळ्यात विकल्या, तो हिवाळा मात्र माझ्या खात्यावर आहे.

माफी मागायला हे पत्र पुरलं असतं, पण तू माझ्यासाठी चारचौघांत उभा राहिलास, तेव्हा मलाही चारचौघांतच बोललं पाहिजे. तुमच्या हॉलमधली पुढची सभा एकवीस तारखेला आहे, हे मी रेचेलकडून काढून घेतलंय. तिकीट झालंय. मी येऊन उभी राहणार आहे आणि ऑर्डर कोणी रद्द केली ते जॉर्जच्या समोर सांगणार आहे. लोक ओरडतील, ओरडू देत, माझा आवाज त्यांच्या वर जाईल. तुला त्याआधी कळावं, सभेत पहिल्यांदा ऐकायची वेळ तुझ्यावर येऊ नये, म्हणून हे लिहिलं. स्टेशनवर न्यायला यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस, मी टॅक्सी करीन. पण हॉलमध्ये ये. मागच्या खुर्चीवर बसलास तरी चालेल.

तुझीच,
ऊर्मीताई