उलट्या पायाच्या सुनेची चाय

नंदनवन, नागपूर
फेब्रुवारीतला रविवार, दुपार

तीर्थस्वरूप मैनाबाईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, मनोहरचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (वाकायला डॉक्टरने महिनाभर मनाई केली आहे, तेव्हा हा नमस्कार सध्या उभ्यानेच घे.) तुझे गुडघे कसे आहेत? चंपतराव भाऊजींचा खोकला उतरला का? उमरेडची थंडी सरली असेल. इकडे आम्ही खुशाल. खुशाल म्हणजे, माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, सहा दिवस रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात होतो, आणि तुला कळवलं नाही ते मुद्दाम. कळवलं असतं तर तू पहिल्या एस.टी.ने डब्यासकट येऊन बसली असतीस आणि डॉक्टरलाच पथ्य सांगितलं असतंस. रागवायचं असेल तर पत्र संपेपर्यंत थांब, कारण मला जे सांगायचं आहे त्यापुढे हर्निया काहीच नाही.

तुला ठाऊकच आहे, सिंचन खात्यात दिवसभर आवक-जावक लिहिता लिहिता मी अडतीस वर्षांत त्र्याऐंशी भयकादंबऱ्या लिहिल्या. ‘बंद खोलीतला सुस्कारा’, ‘मेलेल्या माणसाचं रेशनकार्ड’, ‘उलट्या पायाची सून’ आणि बाकीच्या ऐंशी. त्या वाचून लोकांच्या अंगावर काटा येतो, दिवे मालवायची हिंमत होत नाही, अशी माझी समजूत होती. समजूत कशावरून, तर प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पानावर तसं छापलेलं असायचं. (ते वाक्य प्रकाशकाला मीच लिहून द्यायचो, पण सवयीने माझाही त्यावर विश्वास बसला होता.)

तर ऑपरेशन झालं. भूल उतरताना माणूस नेमका कुठे असतो, हे मला अजून सांगता येत नाही. मी कसल्यातरी पांढऱ्या, कोमट पाण्यात पडून होतो. वर पंखा फिरत होता की कोणी सावकाश सूत कातत होतं, कळत नव्हतं. माझी सगळी पात्रं पलंगाच्या कडेने ओळीने चालली होती. मुंडकं काखेत धरलेला तलाठी, केस मोकळे सोडलेल्या तिघी जावा, स्वतःच्याच तेराव्याला जेवायला आलेला गृहस्थ. लग्नात लांबचे नातेवाईक दाखवतात तेवढीच ओळख दाखवून एकेक जण खिडकीतून निघून जात होता. आणि तेवढ्यात एका बाईचा आवाज आला, ‘त्या काळ्याभोर विहिरीच्या तळातून हिरव्या बांगड्यांची किणकिण वर येऊ लागली.’ बाई वं, हे वाक्य माझं. मी मेलो, अशी माझी खात्रीच पटली. लेखकाला वर नेऊन त्याचीच पुस्तकं ऐकवत असणार, आणि त्र्याऐंशी म्हणजे बराच मुक्काम.

डोळे उघडले तेव्हा दुपारचे साडेतीन-चार झाले असतील. हिरवा पडदा अर्धा सरकलेला, पलीकडच्या पलंगावर एक म्हातारे गृहस्थ आणि स्टुलावर पुस्तक वाचणारी तिशीतली बाई. म्हातारे म्हणजे भिवापूरचे मिरचीचे व्यापारी, त्यांना सगळे भैयाजी म्हणत. मांडीचं हाड मोडून तीन आठवड्यांपासून तिथे होते. वाचणारी त्यांची सून प्रणाली. ती बुटीबोरीच्या कापड गिरणीत पहिल्या पाळीला जाते आणि सुटली की थेट दवाखान्यात येते. तिच्या हातात होती ‘उलट्या पायाची सून’. कथा तू विसरली असशील. विहिरीत पडून मेलेली एक सून रोज तिन्हीसांजेला सासरच्या दाराशी येते, एवढीच आहे.

मी श्वास रोखून पडलो. (टाक्यांमुळे तो तसाही पुरा घेता येत नव्हता.) आता ती दार वाजवणार, आता म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम येणार. सून दाराशी आली, तिने तीनदा कडी वाजवली, आणि भैयाजी घोरायला लागले. शांत, तृप्त, लहान मुलासारखं. प्रणालीने पान दुमडलं, चादर त्यांच्या गळ्यापर्यंत ओढली आणि माझ्याकडे बघून कौतुकाने सांगितलं की औषधाने झोप येत नाही, दुसऱ्या कोणाच्या पुस्तकाने येत नाही, ह्या लेखकाच्या पुस्तकाने मात्र हमखास येते. चौथ्या पानाच्या पुढे ते कधी गेलेच नाहीत.

बाई, त्या दिवशी टाके दुखले नाहीत इतकं ते दुखलं. दुसऱ्या दिवशी तुझ्या भावजयीला, प्रेमलतेला, घरून ‘मेलेल्या माणसाचं रेशनकार्ड’ आणायला लावलं, कारण त्यातल्या पहिल्याच पानावर चितेवरचं प्रेत उठून बसतं. प्रेत उठून बसलं आणि भैयाजी कुशीवर वळून झोपले. तिसऱ्या दिवशीही तेच. खिडकीबाहेर दूर मेट्रो जराही आवाज न करता जायची, कडुनिंबाची पिवळी पानं उन्हातून तरंगत यायची, प्रणालीचा आवाज सुरू व्हायचा, आणि अखेर आमच्या वॉर्डातली सगळी माणसं झोपायची. एकदा नर्सही बसल्या जागी पेंगली. एकटा मी जागा, माझी अडतीस वर्षं डोळ्यांदेखत घोरताना ऐकत.

शेवटी चौथ्या दिवशी सकाळी मी भैयाजींना विचारलंच. मी कोण ते सांगितलं नाही, वाचक म्हणूनच विचारलं, की इतक्या भयानक गोष्टीत तुम्हाला झोप येते काहून?

“ह्याच्या भुतात भेवासारखं काय आहे गा?” ते म्हणाले. “दार वाजवून येते. चपला बाहेर काढते. पदर सावरून उभी राहते. असं तर आपलंच माणूस येते.” मग, “आमची घरवाली दिवाळीत वारली. घर रिकामं झालं. रिकाम्या घरात कोणी येऊन राहिलं, एवढं ऐकलं का मले झोप लागते. पुढं काय होते तिचं? घेतात का तिले घरात?”

आता तुला खरं सांगतो. पुढे मांत्रिक येतो आणि तिला बाटलीत कोंडून नदीत सोडून देतो. तो शेवट मी ऑफिसात ऑडिट चालू असताना घाईघाईने एका दुपारी लिहिला होता. बाटली माझ्या अगदी ओठांवर आली होती. पण मी म्हटलं, घेतात.

म्हटलं तर खरं, पण पुस्तकात तर मांत्रिक बसलेला. प्रणाली कधी शेवटपर्यंत पोचली तर? त्या दिवशी आणि पुढच्या दिवशी मी दवाखान्याच्या आहारतक्त्यांच्या पाठीवर नवा शेवट लिहिला. त्यात सासू दार उघडते, सुनेच्या उलट्या ठेवलेल्या चपला वाकून सरळ करते आणि म्हणते, ये. एवढाच शेवट, पण मला दोन दिवस लागले. नर्सकडून जखमेची चिकटपट्टी मागून मी मांत्रिकाची पानं बंद केली आणि त्यांवर माझी डकवली. प्रणाली आली तेव्हा तिला, ही दुसऱ्या आवृत्तीतली पानं आहेत, असं सांगितलं. तिने ते हस्ताक्षर पाहिलं, मुखपृष्ठावरचं नाव पाहिलं, माझ्या पलंगाला लावलेल्या कार्डावरचं नाव पाहिलं, आणि स्टूल उचलून दोन पलंगांच्या मधोमध ठेवलं.

मी तिला शेवटच वाचायला सांगितलं. बाई, भैयाजी झोपले नाहीत. डोळे उघडे ठेवून शेवटल्या ओळीपर्यंत ऐकलं. मग त्यांनी विचारलं, “तिले चाय देली का कोणी?”

दिली नव्हती. त्र्याऐंशी पुस्तकांत मी एकाही भुताला चहा विचारलेला नाही. मी प्रणालीकडून पेन घेतलं आणि तिथल्या तिथे एक ओळ वाढवली, की सासूने चुलीवर आधण ठेवलं. तिने ती वाचून दाखवली. भैयाजींनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.

“साखर कमी टाकजा म्हणा,” ते म्हणाले. “तिले शुगर होती.”

कोणाला, ते मी विचारलं नाही. प्रणाली खिडकीकडे बघत होती. मी ओळीत ‘साखर कमी’ एवढे दोन शब्द वाढवले.

दुसऱ्या दिवशी मला सोडलं. परवा प्रणालीचा फोन आला होता. भैयाजी घरी आले, कुबड्यांवर चार पावलं चालतात आणि पुस्तकाशिवाय झोपतात. आता पुस्तकाशिवाय झोप यावी ह्याचा लेखकाने आनंद मानावा की दुःख, ह्याचा विचार करत मी दुपारभर पलंगावर पडून असतो. चौऱ्याऐंशीवी कादंबरी डोक्यात तरंगते आहे. तिच्यात कोणी मरत नाही, म्हणजे आधीच मेलेले सोडून. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मनोहर

ता. क. : खरं काम राहूनच गेलं. घरी आल्यापासून मलाच झोप येत नाही. प्रेमलतेला माझंच पुस्तक वाचून दाखवायला बसवलं, तर ती दुसऱ्या पानावर भिते आणि पुस्तक मिटून टाकते. (जगात मला भिणारी एक वाचक शिल्लक आहे, हे तेवढं लिहून ठेव.) तू कोणाच्या बापाला भीत नाहीस, तेव्हा आठ दिवस ये आणि मला चार-चार पानं वाचून दाखव.

ता. क. दुसरा, प्रेमलतेच्या हातचा : बाई, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहून राहिली. मी काही भीत नाही. दुसऱ्या पानावर मलेच झोप येते, म्हणून पुस्तक मिटते. पण भेव लागलं म्हटलं का ह्यांचा चेहरा असा खुलते, की संध्याकाळपर्यंत गुणगुणत राहतात. तुम्ही याच. आणि वाचताना मधून मधून थोडं दचकजा.