चौथ्या खोलीचं तापमान

प्रिय धाकट्या,

तुझ्या बायकोकडून कळलं, तू आता पोती उतरवायला जातोस आणि माझा विषय निघाला की पाणी प्यायला उठतोस. उठत जा. मी रागावलेली नाही.

लसींच्या गोदामात मी तो मोठा पडदा लावला, तेव्हा किती मिरवले होते! साठ्याची यादी एक्सेलमध्ये, गाड्यांच्या नोंदी दुसऱ्या खात्याच्या संगणकात, थंड खोल्यांचे तापमापक तिसरीकडे. कुणाचा कुणाला पत्ता नाही. मी ते सगळं एका सॉफ्टवेअरला जोडलं आणि पडद्यावर हिरवे-लाल चौकोन उमटले. तू म्हणालास, ताई, तू तर भांडखोर जावांना एका पंगतीला बसवलंस. ड्युटीवर तू दर दोन तासांनी थंड खोल्यांत जाऊन वहीत तापमान लिहायचास, त्याची मी चेष्टा केली. ठेव ती वही माळ्यावर, म्हटलं. तू ठेवलीस. ताईचा शब्द तुला काळ्या दगडावरची रेघ.

चौथ्या खोलीचा तापमापक मात्र जोडला की तुटायचा. साहेब बघायला येणार, म्हणून मी त्याच्या एका दिवसाच्या आकड्यांची प्रत काढून पडद्याला तीच जोडली. खरी जोडणी नंतर करू, म्हटलं, आणि विसरले. सहा आठवडे तो चौकोन त्या एकाच दिवसाचे चार अंश दाखवत हिरवा राहिला.

मग दोन सुट्ट्यांत त्या खोलीचं यंत्र बंद पडलं. तू दोन्ही दिवस पडद्यासमोर बसून होतास. सुट्टीनंतर दार उघडलं, तर सगळ्या लसी वाया. चौकशीत तू एकच सांगत राहिलास, पडदा हिरवा होता. चौकशीवाल्यांनी पडद्यावरच्या जुन्या नोंदी पाहिल्या, तर त्या दोन दिवसांचा चौकोन लालभडक. ड्युटीवर झोपतो आणि वर खोटं बोलतो, म्हणून तुला काढलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी कागद चाळत राहिले.

चौकशीच्या दिवशी सकाळीच मी ती प्रत हटवून खरी जोडणी केली होती, धाकट्या. तापमापकात साठलेले खरे आकडे त्यामुळे पडद्यावर आले. तू खरं बोलत होतास, आणि हे फक्त मला माहीत होतं. आज सगळं लिहून साहेबांना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, घरी जा. तुला परत घेतील का, ठाऊक नाही. मला ठेवणार नाहीत. ऑफिसचं पत्र तुला येईलच, त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. बाबांनी तुझ्याशी बोलणं टाकलं, तेव्हाही मी तिथेच त्यांचा चहा ओतत उभी होते. आता त्यांच्या खोलीत जाऊन सांगायचं राहिलंय. हे पत्र पाकिटात घालते आणि त्यांचा चहा घेऊन आत जाते.

अजून म्हणवत असेल तर तुझीच,
ताई